शाळेच्या नावे मृत्युपत्र : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेली सर्व पत्रे एकाच इच्छेतून लिहिलेली आहेत : आपल्या मागे आपल्या पुंजीतला काही भाग शाळेच्या कामी यावा. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत आणि मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मी ७४ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. यजमान आठ वर्षांपूर्वी वारले, मूलबाळ नाही. सातारा जिल्ह्यातील ज्या गावात मी शिकले, तिथल्याच हायस्कुलात पुढे २६ वर्षे शिकवले. माझी सुमारे ३० लाखांची ठेव आणि माझ्या नावावरचा राहता फ्लॅट त्या शाळेला मिळावा अशी इच्छा आहे. ‘माझ्या पश्चात सर्व मिळकत आमच्या गावच्या शाळेस द्यावी’ असे स्वहस्ते लिहून सही करून ठेवले तर पुरेल का? ठेवीवर नॉमिनी म्हणून दिराच्या मुलाचे नाव आहे. मुलगा चांगला आहे, पण उद्याचे कोणी सांगावे?

उत्तर : बाई, एवढ्याने भागणार नाही, आणि का भागणार नाही हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण अशा एका मृत्युपत्राचे पुढे काय झाले ते मी जवळून पाहिले आहे. वहीच्या रेघी कागदावर, निळ्या शाईने, फळ्यावर लिहावे तशा वळणदार अक्षरात लिहिलेले ते मृत्युपत्र होते. साक्षीदार दोन होते, तारीख होती, सही होती. फक्त मजकुरात ‘बँकेतील रक्कम माझ्या शाळेस द्यावी’ असे होते. लिहिणाऱ्या बाईंचे पहिले चार वर्ग जिल्हा परिषदेच्या शाळेत झाले होते आणि पुढचे सगळे शिक्षण खासगी संस्थेच्या हायस्कुलात. दोन्ही मुख्याध्यापक आले, दोघेही सज्जन होते आणि दोघांचाही दावा प्रामाणिक होता. बँकेने कोणालाच पैसे दिले नाहीत. हा गुंता सुटायला पाच वर्षे लागली, आणि तोवर दोन्ही शाळांतून मुलांच्या पाच तुकड्या शिकून बाहेर पडल्या होत्या.

यातली मूळ अडचण अशी की कायद्याच्या दृष्टीने शाळा स्वतः कशाचीही मालक होऊ शकत नाही. मालक असते ती शाळा चालवणारी संस्था. म्हणून मृत्युपत्रात आधी संस्थेचे नोंदणीकृत नाव यायला हवे. लेटरहेडवरचे किंवा गावात रूढ असलेले नाव त्यासाठी उपयोगाचे नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीत, म्हणजे परिशिष्ट एकच्या उताऱ्यात जे नाव आहे, तेच अक्षरशः लिहावे. त्यापुढे नोंदणी क्रमांक (सोसायटी म्हणूनही नोंदलेल्या संस्थांचा क्रमांक ‘एफ’ या अक्षराने सुरू होतो) आणि संस्थेचा पत्ता यावा, आणि मग ‘या संस्थेतर्फे अमुक गावी चालवल्या जाणाऱ्या अमुक विद्यालयाच्या उपयोगासाठी’ असे शब्द यावेत. हे शेवटचे शब्द विसरू नका, कारण एकेक संस्था पाच-पन्नास शाळा चालवते आणि नुसते संस्थेचे नाव लिहिले तर आपला पैसा तालुक्याच्या गावी नव्या इमारतीत जाऊ शकतो. शाळा जिल्हा परिषदेची असेल तर देणगी त्या जिल्हा परिषदेच्या नावे आणि विवक्षित शाळेसाठी, अशी लिहावी लागते.

उतारा मागायला जाल तेव्हा आणखी एक गोष्ट अवश्य विचारा : संस्थेच्या विश्वस्तांचे बदल अर्ज (म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद व्हावी यासाठीचे अर्ज) प्रलंबित आहेत का? आपल्याकडे अनेक जुन्या संस्थांत दोन गट असतात, दोघेही आपल्यालाच खरे कार्यकारी मंडळ म्हणवतात आणि अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात. अशा संस्थेला पैसे देताना पावतीवर सही कोणाची चालेल, हाच प्रश्न उभा राहतो. तेव्हा मृत्युपत्रात असे लिहावे की माझ्या मृत्यूच्या वेळी ही संस्था अस्तित्वात नसेल, शाळा बंद झाली किंवा दुसरीकडे विलीन झाली असेल, अथवा विश्वस्तांबाबत वाद चालू असेल, तर रक्कम अमुक दुसऱ्या संस्थेस त्याच प्रकारच्या कामासाठी द्यावी. ग्रामीण भागात पटसंख्येअभावी शाळा बंद होण्याची भीती आज खरी आहे, त्यामुळे ही पर्यायी तरतूद मी प्रत्येकाला आग्रहाने करायला सांगतो.

आता आपल्या मिळकतीविषयी. हिंदू स्त्रीच्या मालकीच्या मिळकतीवर तिचा पूर्ण हक्क असतो आणि ती मृत्युपत्राने हवी त्याला देता येते. पुतण्याची किंवा दिराची संमती लागत नाही. मात्र मृत्युपत्र केलेच नाही, तर अपत्य आणि पती नसलेल्या स्त्रीची मिळकत पतीच्या वारसांकडे जाते, आणि आई-वडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी वडिलांच्या वारसांकडे. शाळेचा त्यात कोठेही नंबर लागत नाही. फ्लॅट यजमानांच्या नावावरून आपल्या नावावर आला असेल, तर तो केवळ नॉमिनी म्हणून झाला की वारस म्हणून, आणि त्या वेळी सासूबाई हयात होत्या का, हे एकदा तपासून घ्या, कारण मुलाच्या मिळकतीत आईचाही वाटा असतो.

फ्लॅट थेट संस्थेला देऊ नये असे माझे मत आहे. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकायची तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे बंधन योग्यच आहे, त्यामुळे शाळांच्या जागा वाचल्या आहेत. पण दूरच्या शहरातला एक फ्लॅट गावच्या शाळेच्या गळ्यात पडतो तेव्हा मेन्टेनन्सची थकबाकी वाढत जाते आणि खोल्या कुलूपबंद राहतात. त्यापेक्षा ‘माझ्या एक्झिक्युटरने फ्लॅट बाजारभावाने विकावा आणि खर्च वजा जाता रक्कम संस्थेस द्यावी’ असे लिहिलेले बरे. (एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी आपण त्यातच नेमलेली व्यक्ती.)

नॉमिनीबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नसतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. तरीही बँक पैसे नॉमिनीच्या हाती देऊन मोकळी होते आणि ते परत मिळवण्यासाठी कोर्टात जावे लागते. म्हणून ज्यांना एक्झिक्युटर नेमाल त्यांचेच नाव ठेवीवर नॉमिनी म्हणून लावा, आणि पुतण्याला आजच समोर बसवून आपला मनोदय सांगा.

सहीच्या वेळी किमान दोन साक्षीदार हवेत, आपण सही करताना त्यांनी पाहिलेले असावे आणि त्यांनी आपल्यासमोर सही करावी. संस्थेचे पदाधिकारी, मुख्याध्यापक किंवा लिपिक यांपैकी कोणालाही साक्षीदार करू नका, त्यांच्याकडून मसुदा लिहून घेऊ नका. ज्याला लाभ होणार तोच मृत्युपत्र घडवून आणण्यात पुढे होता असे दिसले की कोर्ट संशयाने पाहते, आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. नोंदणी सक्तीची नाही आणि मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कही लागत नाही. पण आपल्या वयाचा विचार करता, त्या दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून दुय्यम निबंधकांकडे नोंदणी करावी असा माझा सल्ला आहे. मजकूर कोणालाच कळू नये असे वाटत असेल तर नोंदणी कायद्यात जिल्हा निबंधकांकडे मोहोरबंद पाकिटात मृत्युपत्र ठेवण्याचीही सोय आहे; तिचा उपयोग फार थोडे लोक करतात.

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यात माझी वडिलोपार्जित चार एकर जमीन आहे. दोन मुलगे आणि एक मुलगी, तिघेही सुस्थितीत. शाळेला मैदान नाही, मुले रस्त्यावर खो-खो खेळतात. शाळेलगतचा एक एकर मृत्युपत्राने शाळेला देता येईल का?

उत्तर : आपल्या पत्रातले रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांचे चित्र मन हेलावणारे आहे, आणि त्यामुळेच सांगतो की हे काम मृत्युपत्रावर सोपवू नका; हयातीतच पार पाडा.

पहिले कारण असे की वडिलोपार्जित जमीन पूर्णपणे आपली नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीसह तिन्ही मुलांचा त्यात जन्मतः हिस्सा आहे आणि मृत्युपत्राने आपल्याला आपल्या हिश्शापुरतेच देता येते. तो हिस्सा शाळेलगतचाच असेल हे वाटप झाल्याखेरीज कोण ठरवणार? दुसरे कारण अधिक गंभीर आहे. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकरी नसलेल्याकडे परवानगीशिवाय जाऊ शकत नाही, आणि शिक्षणसंस्था शेतकरी नसते. गुजरातेतही हाच मूळ कायदा लागू आहे, आणि तिथल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असा निर्णय दिला की मृत्युपत्राची वाट धरूनही ही बंदी ओलांडता येणार नाही. म्हणजे आपल्या मागे सातबाऱ्यावर संस्थेचे नाव लावण्याचा फेरफार अडण्याची शक्यता मोठी आहे.

आपल्या पत्रावरून मुले आपल्या बाजूची दिसतात. तेव्हा आधी नोंदणीकृत वाटपपत्र करून शाळेलगतचा एक एकर, म्हणजे ४० गुंठे, आपल्या वाट्याला घ्या. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग दोन’ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी जमीन) अशी नोंद आहे का, जमीन कुळकायद्याने मिळालेली आहे का आणि तुकडेबंदीचा, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यावरच्या बंदीचा, अडसर येतो का, हे तलाठ्यांकडून समजून घ्या. मग संस्थेला सोबत घेऊन जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळवा आणि बक्षीसपत्र करा. बक्षीसपत्राला नोंदणी आणि मुद्रांक शुल्क लागते. त्या खर्चाबाबत संस्थेशी आधीच बोलून घ्यावे. जाता जाता एक गोष्ट : त्या तुकड्याला शाळेच्या बाजूने वाट आहे ना, हे स्वतः चालत जाऊन पाहा. मधे दुसऱ्याचा बांध असेल तर मैदान कागदावर मिळेल आणि मुले रस्त्यावरच खेळतील. परवानगी मिळेपर्यंत मृत्युपत्रात एवढेच लिहून ठेवा की काम अपुरे राहिल्यास माझ्या हिश्शाची जमीन शेतकऱ्यासच विकून येणारी रक्कम शाळेच्या मैदानासाठी द्यावी.

प्रश्न : आईच्या नावाने ट्रस्ट स्थापन करून त्यातून शाळेतील आमच्या समाजाच्या, दहावीत संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलीला दरवर्षी बक्षीस द्यावे, असे मृत्युपत्रात लिहायचे आहे. १२ लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. यावर करसवलत मिळेल का?

उत्तर : हेतू सुंदर आहे, पण स्वतंत्र ट्रस्ट नको. मृत्युपत्राने सार्वजनिक न्यास स्थापन झाला की प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याबद्दलचे कोर्टाचे प्रमाणपत्र) मिळाल्यापासून एक महिना किंवा मृत्यूपासून सहा महिने, यांत जे आधी येईल त्या मुदतीत एक्झिक्युटरला नोंदणीचा अर्ज करावा लागतो. मग दरवर्षी हिशेब, तपासणी, विश्वस्त बदलले की बदल अर्ज. १२ लाखांच्या व्याजातून हा व्याप सांभाळणारी माणसे पुढच्या पिढीत मिळतील, याची खात्री कोणी द्यावी? हीच रक्कम शाळेच्या संस्थेला ‘कायम निधी’ म्हणून द्या आणि निधीला आईचे नाव द्या. ‘मूळ रक्कम कायम निधीत ठेवावी’ हे शब्द मुद्दाम लिहावेत. मूळ रकमेला हात लागू नये म्हणून ते आवश्यक आहेत आणि संस्थेच्या प्राप्तिकराच्या दृष्टीनेही त्यांना महत्त्व आहे.

संस्कृतच्या बक्षिसाचे नाव निघाले की जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती आठवते. १९१२ च्या मॅट्रिकला ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली, पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि त्या शिष्यवृत्तीचे नाव आजही घेतले जाते. असे भाग्य सर्वच निधींना लाभत नाही. शाळांच्या व्हरांड्यात संगमरवरी पाट्यांवर १०१ आणि ५०१ रुपयांच्या पारितोषिकांची नावे कोरलेली दिसतात. त्यांच्या आजच्या व्याजात एक वही येत नाही आणि शाळेला ते बक्षीस बंदही करता येत नाही.

हिशेब करून पाहा. १२ लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला ८४,००० रुपये येतील. महागाई सहा टक्के धरली तर १२ वर्षांत किमती दुप्पट होतात आणि २४ वर्षांत चौपट, म्हणजे तेव्हा त्या ८४,००० ना आजच्या २१,००० चीच किंमत उरेल. म्हणून दरवर्षीच्या व्याजातला निम्मा भाग मुद्दलात मिळवावा अशी अट घाला. त्याने महागाईची पूर्ण भरपाई होणार नाही, पण घसरण पुष्कळ मंदावेल.

‘आमच्या समाजाची’ ही अट काढून टाकावी, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. विशिष्ट जातीपुरत्या धर्मादायाला प्राप्तिकराच्या सवलतीत अडचणी येतात हे एक कारण झाले. दुसरे असे की एखाद्या वर्षी त्या वर्गात त्या समाजाची मुलगीच नसेल आणि पलीकडच्या बाकावर बसलेली, फी भरायला पैसे नसलेली हुशार मुलगी नुसती पाहत राहील. संस्कृतचा वर्ग बंद पडला तर काय, याचेही उत्तर लिहून ठेवा : ‘ते शक्य नसल्यास भाषाविषयांत प्रावीण्य दाखवणाऱ्या गरजू विद्यार्थिनीस.’ संस्थेचे नाव काटेकोर असावे आणि हेतूला मात्र श्वास घ्यायला जागा असावी, असे मी नेहमी सांगतो.

करसवलतीबद्दलही आपण विचारले आहे. भारतात इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच रद्द झाली, त्यामुळे मृत्युपत्रातील देणगीने वाचवण्यासारखा वारसाकर येथे नाही. ८० जी म्हणून ओळखली जाणारी, देणगीवरची प्राप्तिकराची सवलत हयातीत, रोखीशिवाय अन्य मार्गाने दिलेल्या रकमेसाठी (रोख द्यायची तर २,००० रुपयांपर्यंतच) आणि जुन्या करप्रणालीत मिळते. १२ लाखांपैकी दोन-तीन लाख आत्ताच देऊन पहिले बक्षीस स्वतःच्या हाताने द्यावे, हे मला अधिक समाधानाचे वाटते. शाळा निधी कसा सांभाळते हेही आपल्याला कळेल.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो, अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे. पुण्यातील माझ्या फ्लॅटची किंमत रत्नागिरी जिल्ह्यातील माझ्या शाळेला मिळावी अशी इच्छा आहे.

उत्तर : पैसा भारतातल्याच फ्लॅटचा आहे म्हणून प्रश्न सोपा होईल, असे आपल्याला वाटले असेल, पण परकीय अंशदान (म्हणजे परदेशी देणगी) कायद्याप्रमाणे परदेशी नागरिकाने दिलेली देणगी, ओसीआय कार्ड असले आणि रक्कम रुपयांत असली तरी, परकीय अंशदानच ठरते. ती घेण्यासाठी संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विशेष खात्यातच जमा व्हावी लागते. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत पैसे पोचवण्याचा मार्ग २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. तेव्हा आधी शाळेच्या संस्थेकडे नोंदणीची चौकशी करा. आपल्या ज्या भावा-बहिणींकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्यांना, ते परदेशात राहत असले तरी, ही अडचण नाही.

भारतातील मिळकतीसाठी येथे वेगळे मृत्युपत्र करावे. मात्र पुढे अमेरिकेत नवे मृत्युपत्र कराल तेव्हा ‘याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे ठरावीक वाक्य तिथल्या वकिलाकडून सुधारून घ्या, नाहीतर येथली शाळा त्या एका ओळीने वगळली जाईल.

प्रश्न : आम्ही वसईचे ख्रिस्ती. मृत्यूच्या वर्षभर आधी केल्याखेरीज धर्मादायाचे मृत्युपत्र चालत नाही असे ऐकले. माझी बहीण लग्नानंतर मडगावला असते. तिलाही तिथल्या मराठी शाळेला काही द्यायचे आहे.

उत्तर : तशी तरतूद १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ११८ मध्ये होती : भाचा, पुतण्या किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असेल तर मृत्युपत्र मृत्यूच्या किमान १२ महिने आधीचे आणि सहा महिन्यांत सुरक्षित ठिकाणी जमा केलेले असावे लागे. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवले. आपण निर्धास्तपणे मृत्युपत्र करू शकता.

बहिणीची गोष्ट वेगळी आहे. गोव्यात मुले असणाऱ्याला आपल्या मिळकतीचा निम्माच भाग मृत्युपत्राने देता येतो. उरलेला निम्मा वारसांसाठी राखीव असतो. शिवाय पती-पत्नीची मिळकत सामाईक असेल तर तिचा निम्मा भाग मुळात जोडीदाराचा. म्हणजे दोघांच्या एकूण मिळकतीपैकी चौथा हिस्साच बहिणीच्या हाती आहे, आणि शाळेला द्यायचे ते त्यातूनच. मुस्लिम वाचकांनीही लक्षात ठेवावे की वारसांच्या संमतीशिवाय, कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता, एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येते.

प्रश्न : काकू वारल्या. त्यांच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली नोंदणीकृत मृत्युपत्र सापडले. शाळेला पाच लाख दिले आहेत आणि एक्झिक्युटर म्हणून माझे नाव आहे. मला यातले काहीच माहीत नव्हते. आता काय करू?

उत्तर : काकूंनी आपल्यावर विश्वास टाकला आहे, पण आधी विचारायला हवे होते, वाचकांनी हे ध्यानात घ्यावे. जबाबदारी नको असेल तर कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी नकार देता येतो. घेणार असाल तर मूळ मृत्युपत्राला टाचणीही न लावता ते सुरक्षित ठेवा, दोन्ही साक्षीदार हयात आहेत का ते पाहा आणि त्यांचे आजचे पत्ते टिपून ठेवा. बँकांची पासबुके, ठेवींच्या पावत्या, देणी यांची यादी करा. अंत्यविधीचा खर्च आणि कर्जे आधी भागतात, देणग्या नंतर. बँक बहुधा प्रोबेट किंवा सर्व वारसांचे ना-हरकत पत्र मागेल. वारस राजी असतील तर ना-हरकत पत्राच्या मार्गाने काम लवकर होते. एकानेही हरकत घेतली तर सरळ प्रोबेटसाठी अर्ज करा. मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत देणगी देण्याची कायदेशीर सक्ती एक्झिक्युटरवर नसते, त्यामुळे घाबरून घाईने पैसे वाटू नका.

शाळेला मात्र आजच लेखी कळवा, सोबत मृत्युपत्राची झेरॉक्स द्या आणि पोच घ्या. रक्कम देताना धनादेश संस्थेच्या नोंदणीकृत नावानेच काढा, सोबतच्या पत्रात मृत्युपत्रातील ते वाक्य जसेच्या तसे उतरवा आणि पावतीवर आपले नाव न घालता काकूंचे पूर्ण नाव लिहून घ्या.